दुसरं बटण

रामनं पाय पुढं केला आणि मुंजाबानं खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधली. दवाखान्यातून घरी आणल्या दिवसापासून हे काम बापाचंच होतं. उजव्या हाताची चार बोटं कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसखाली गेलेला पोरगा नाडी बांधणार तरी कशी?

"आबा, मी काय मेंढरू हाय का? जरा सैल बांधा की."

"गप बस. चालताना सुटली तर पडशीन," मुंजाबा म्हणाला. पोरपण देवगाव रंगारीकडं मेंढरांमागं गेलेला माणूस. शहरात येऊन कंपनीत फिटर झाला तरी हात जुनेच होते.

राम हाताच्या व्यायामाला दवाखान्यात गेला. ज्ञानेश्वरी, त्याची बहीण, पाटावर लॅपटॉप उघडून बसली. घर गारखेड्यातलं, दोन खोल्यांचं, त्यामुळं तिचा अभ्यास चालायचा तो चुलीच्या नव्हे, गॅसच्या शेजारी.

रामच्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची, म्हणजे दोन्ही हात बाहेर राहायचे. एक बटण दाबून दोरीनं बांधलं की एक हात मोकळा होतो आणि माल जास्त निघतो. अपघाताच्या दिवशी रामच्या प्रेसचं एक बटण बांधलेलं होतं. कंपनी म्हणत होती, त्यानंच बांधलं. सोमवारी सुनावणी होती. तिथं हे खरं ठरलं की नोकरी गेली, आणि स्वतःचा हात स्वतःच घालवला हा ठपका जन्मभर कपाळी.

घरात यावर मुंजाबा एकच वाक्य बोलायचा. "रामनं नाय बांधली ती दोरी. खंडोबाची आण." त्यापुढं तोंडात मिठाची गुळणी. त्याच कंपनीत पोट होतं, बोलणार काय बिचारा!

युनियनच्या अमृताताईंनी वाट काढली. कामगारांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षांचे फोटो पडून होते. दसऱ्याची मशीनपूजा, कुणाचा वाढदिवस, चहाच्या सुट्टीतली मस्ती, आणि मागं प्रेस. राम नोकरीला लागण्याआधीच्या फोटोंतही बटणं बांधलेली दिसली, तर कंपनीचं तोंड बंद. पण फोटो हजारोंनी. डोळे फुटले असते. म्हणून बांधलेली बटणं आपोआप हुडकणारा प्रोग्राम लिहायला ताईंनी ज्ञानेश्वरीला कोडिंग शिकायला बसवलं.

बी.ए. झालेली ही पोरगी कॉम्प्युटरवर फक्त अर्ज टाइप करायची. एक कंस राहिला की प्रोग्राम अडून बसायचा. लग्नात मानपानावरून आत्यासुद्धा एवढी रुसली नव्हती. पण ज्ञानेश्वरी चिवट. कामगारांकडून आधी मिळालेले बांधलेल्या बटणांचे थोडे फोटो घेऊन, प्रत्येकाभोवती चौकट आखून, ती प्रोग्रामला शिकवत राहिली: हे बघ, असलं शोध.

जेवताना मुंजाबानं विचारलं, "ते तुझं यंत्र बांधणाऱ्याचं नाव सांगतं का गं?"

"नाव कसं सांगंल, आबा? ते फक्त बटण हुडकतं. पण तो सापडू द्या. त्याला मी जेलात घालीन."

"हात झडो त्या मुडद्याचे," तिची आई वच्छलाबाई भाकरी थापता थापता म्हणाली.

"जेवताना शिव्या नको," मुंजाबा म्हणाला आणि पाणी पिऊन उठला.

शनिवारी दुपारी छावणी भागातल्या युनियनच्या खोलीत ज्ञानेश्वरीनं कामगारांनी पाठवलेले फोटो प्रोग्रामला दिले. सगळे तिच्याच फोनवर आले होते. निवडत बसायला वेळ नव्हता, म्हणून फोनमधले घरचे फोटोही त्यांच्याबरोबर गेले.

अमृताताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. पडद्यावर एकेक फोटो येऊ लागला. झेंडूच्या माळा घातलेली प्रेस, कोपऱ्यात बटण, बटणावर लाल चौकट. केक कापणारी पोरं, मागं बटण, त्यावर चौकट. राम कंपनीत नव्हता तेव्हाचे फोटो. रामनं कधी हातही न लावलेल्या मशिनी.

"अगं, जिंकलो आपण!" ताईंनी टेबलावर थाप मारली. "राम सुटला!"

ज्ञानेश्वरी हसता हसता रडायला लागली. इतके महिने दाबून ठेवलेलं सगळं डोळ्यांतून वाहिलं. मग पुढचा फोटो आला आणि ताई खो खो हसल्या. दवाखान्यातून घरी निघताना पायऱ्यांवर बसलेला राम. तिथं ना प्रेस, ना बटण, तरी प्रोग्रामनं लाल चौकट आखलेली.

"बँडेज बघून फसलं बिचारं. काढून टाक तो."

"असं कसं फसलं, ताई? मी तर बटणंच दाखवली होती."

"आपण दाखवतो एक, ते शिकतं भलतंच. सगळ्या फोटोंत जे सारखं असेल ते धरून बसतं." ताई थांबल्या. त्यांनी मशिनींचे दोन-चार फोटो मोठे केले. "थांब. बटणं तर वेगवेगळी आहेत. कुठं हिरवं, कुठं काळं. पण गाठ बघ. दोन वेढे, आणि टोक उलटं आत खोवलेलं. सगळीकडं तीच. ज्ञानेश्वरी, ह्या सगळ्या दोऱ्या एकाच माणसानं बांधल्यात! अशी गाठ मी तर कधी पाहिली नाही. कोण मारतं गं अशी?"

ज्ञानेश्वरीनं रामचा फोटो परत आणला आणि मोठा केला. चौकट बँडेजवर नव्हतीच. ती खाली होती, रामच्या बुटावर, आबांनी त्या सकाळी पहिल्यांदा बांधलेल्या नाडीवर.