मोठी कात्री

सासऱ्यांनी थोरल्या सुनेच्या टेबलावरची मोठी कात्री उचलली आणि धाकटीच्या हातात दिली. "आजपासून बेतणं हिच्याकडे. तू शिवणावर बस."

शिवणकामाच्या त्या दुकानात मोठी कात्री जिच्या हातात, तिचाच शब्द चालायचा. आजवर ती थोरलीकडे होती. धाकटीने कात्रीकडे बघितलंसुद्धा नाही, आधी जावेच्या तोंडाकडे बघितलं. आता नाक लाल होईल, डोळे भरतील, निदान एखादा टोमणा तरी येईल.

"बरं," थोरली म्हणाली. तिने टेबल पुसलं, खडू आणि पट्टी जागेवर ठेवली. मग रोज दुपारी बसायची तशी कापडाच्या गठ्ठ्यांमागे मांडी घालून, डोळे मिटून बसली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. कात्री मिळाली होती, पण जिंकल्यासारखं काही वाटेना. या बाईच्या शांतपणाचं जो तो कौतुक करायचा, आणि दर वेळी धाकटीच्या पोटात दुखायचं. कात्री काढून घेता येते. हे कसं काढून घ्यायचं?

तिने इस्त्री मुद्दाम आदळली. स्टूल फरफटत नेलं. गठ्ठ्यांमागे पापणीही हलली नाही.

शेवटी तिने कोटाचं लोकरी कापड टेबलावर पसरलं. गिऱ्हाइकाचं महागाचं कापड, एकदा कात्री लागली की गेलं ते गेलं. खडूची रेघ नीट आली होती, पण जळफळाटाने हात असा थरथरत होता की कात्रीचं तोंड रेघेवर टिकेना.

तेवढ्यात थोरली उठून आली.

"ताई, तुम्हाला खरंच काही वाटत नाही, की सगळं सोंग आहे?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं.

"सोंग कसलं? आज डोळे मिटले की समोर तूच. कात्री घेऊन उभी. दोनदा तर झिंज्या उपटल्या मी तुझ्या."

धाकटीने कात्री खाली ठेवली. "आणि मग?"

"मग काय, श्वासाकडे परत. की पुन्हा तू. पुन्हा श्वास. लोचट आहेस बाई, लवकर जाईनास. म्हणून आज जरा जास्त वेळ बसावं लागलं."

धाकटीला हसावं की भांडावं कळेना. आपल्यावर इतका राग धरूनही ही बाई टेबलाशी येऊन उभी राहिली, याचा तिला कात्रीपेक्षा जास्त हेवा वाटला. आपल्याला हे जमलं नसतं. आपण दार आपटून माहेरी गेलो असतो.

"चल, काप आता," थोरली म्हणाली. "लोकर सरकते. ते टोक मी धरते."

धाकटीने कात्री लावली. पहिला काप घेताना तिची नजर टेबलाच्या पलीकडे गेली. थोरलीची बोटंही थरथरत होती. तिने ती कापडावर घट्ट दाबून धरली होती, आणि कापड तसूभरही हललं नाही.