योजनेपूर्वीचा फोटो

"थोडं खोका ना, इंदूबाई. डोळ्यांत पाणी आलं तर फारच छान."

इंदूबाई खोकली. साठ वर्षांत तिला कुणी खोकायची विनंती केली नव्हती. तिच्या स्वयंपाकघरात तीन दगडांची चूल मांडली ती साहेबांच्या माणसांनी. जाळायला कपाशीची पऱ्हाटी आणली तीही त्यांनीच. पऱ्हाटी वाळकी निघाली, म्हणून तिच्यावर तांब्याभर पाणीही त्यांनीच ओतलं.

साहेब म्हणजे यशोधन, पुण्याच्या एका संस्थेचा सल्लागार. काडीकचऱ्यातून ग्रामीण ऊर्जा आणि अन्नसुरक्षा, असं लांबलचक काहीतरी त्याच्या कार्डावर छापलेलं. बार्शीटाकळीच्या पुढचं हे गाव त्याने 'धूरग्रस्त' म्हणून निवडलं होतं. निवडण्यासाठी गावात यावं लागतं, असं त्याला वाटलं नाही.

अहवालाला दोन फोटो हवे होते: योजनेपूर्वी आणि योजनेनंतर. 'नंतर'ची सोय गाडीच्या डिक्कीत होती. पंख्याची, चकचकीत, नवी चूल. घोडं अडलं 'पूर्वी'पाशी. इंदूबाईच्या घरात धूरच नव्हता. बावीस वर्षं तिचा स्वयंपाक गोबरगॅसवर होत होता. दोन म्हशींचं शेण खड्ड्यात, गॅस शेगडीला, उरलेली मळी मागच्या वाडीत. त्या मळीवरची मेथी-वांगी घरात खाऊन वस्तीत वाटायला उरायची. आपलं आपण निभावणारी अशी माणसं साहेब लोकांना फार त्रास देतात. त्यांचं काय करायचं, ते अहवालात लिहिलेलं नसतं.

"भिंत फारच पांढरी आहे," यशोधन म्हणाला. ओल्या पऱ्हाटीने तेवढं काम केलं. घासलेल्या भांड्यांच्या मांडणीवर गोणपाट आलं. भिंतीवर संध्याचा, इंदूबाईच्या लेकीचा, पदवी घेतानाचा फोटो होता. तो यशोधनने स्वतःच्या हाताने उतरवला आणि पालथा ठेवला.

"पदवी दिसली की गरिबी पटत नाही," तो निधीला हळूच म्हणाला. सगळ्यांना ऐकू आलं. निधी त्याची मदतनीस. तिने मान खाली घातली.

इंदूबाईने हे सगळं का खपवून घेतलं? गोबरगॅसची लोखंडी टाकी गंजली होती. तिला छिद्र पडलं होतं, अर्धा गॅस वाऱ्यावर जात होता. "फोटो द्या, चूल घ्या, टाकीचंही पुढे बघू," असं यशोधन म्हणाला होता. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इंदूबाईला अक्कल होती, पण गरजही होती.

मघाशी जेवताना तर त्याने कहरच केला होता. तिसरी भाकर मोडत तो म्हणाला होता, "वा! चुलीवरच्या भाकरीची चवच वेगळी!" भाकरी गोबरगॅसवरच्या होत्या. पाहुण्याचा घास कशाला अडकवायचा, म्हणून इंदूबाई गप्प बसली होती.

आता नवी चूल पेटली. काडीकचरा दाबून केलेल्या कांड्या भरल्या, पंखा फिरला आणि धुराचा असा लोट उठला की गोठ्यातल्या म्हशी ओरडल्या. यशोधन वाकून खोकू लागला. त्याला कुणी विनंती केली नव्हती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. निधीने तेवढ्यात 'नंतर'चा फोटो टिपला.

तरी त्या गड्याने डोळे पुसत कागद पुढे केलाच. इंदूबाईने तो वाचला. 'माझ्याकडे स्वयंपाकाचे दुसरे साधन नाही. जुना गोबरगॅस बंद करून खड्डा बुजवला आहे.'

"खड्डा कावून बुजवायचा?"

"अट आहे. दुसरं साधन असलं की लाभार्थी धरत नाहीत."

"अन् थ्या टाकीचं पुढं पाहून राहिले होते तुमी?"

यशोधनने पेन पुढे केलं. "सही येत नसेल तर अंगठाही चालेल."

इंदूबाईने संध्याचा फोटो उचलला, पदराने पुसला, काळ्या पडलेल्या भिंतीवर परत टांगला. मग पेन साहेबांच्या खिशात नीट खोचून दिलं.

"सही येते मले. देत नाई. टाकीचं छिद्र आमी आमचं बुजवू."

यशोधन लाल झाला. "अहो, मग अहवालाचं काय?"

"थेच पाहून राहिली मी." ती निधीकडे वळली. "पोरी, तू आल्या आल्या एक फोटो काढला होता ना? दाखव बरं."

निधीने मोबाइल पुढे धरला. पांढरी भिंत, घासलेली भांडी, शेगडीवर निळी ज्योत, बाजूला मेथीची जुडी. तिने बोटाने सरकवत शेवटचा फोटो आणला. काळी भिंत, नवी चूल, आणि धुरात डोळे चोळणारे साहेब.

इंदूबाईने दोन्ही नीट पाहिले.

"हा योजनेच्या पहिलेचा," ती म्हणाली. "अन् हा योजना आल्यावरचा. पाठवा."