आत्याचा मान

"वदिना आल्याशिवाय पाजणार नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली आणि तिने झोपलेल्या बाळाला जवळ ओढून घेतलं.

कुसुमताईंना कुठे तोंड लपवावं ते कळेना. सुनेच्या तेलुगूत वदिना म्हणजे नणंद, म्हणजे त्यांची लेक वैशाली. भावाने, प्रशांतने, तेलुगू मुलीशी लग्न केलं म्हणून दोन वर्षं तिने माहेरचा उंबरा शिवला नव्हता. मलकपेठच्या या दवाखान्यातून निघून मुसी नदी ओलांडली की अफझलगंज, तिथे तिचं घर. अंतर एवढंसं, पण रुसवा मोठा.

आणि रीत सांगितली होती कुसुमताईंनीच. आत्याने कोमट पाण्याने आईची छाती धुवून द्यायची, मगच बाळाला पहिलं पाजायचं. तो आत्याचा मान. सातव्या महिन्यात या दवाखान्यातल्या चारुलता सिस्टर वही घेऊन घरी आल्या होत्या. कुठल्या घरात पहिल्या दुधाच्या काय रीती, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. कुसुमताईंनी हौसेने सगळं सांगितलं. सून तेव्हा शेजारी भेंडी चिरत होती. ही पोर ते इतकं मनावर घेईल असं कोणाला वाटलं होतं?

बाळ दहाला जन्मलं. आता बारा वाजून गेले. लेकरू रडतही नव्हतं, निपचित पडलं होतं, आणि कुसुमताईंचा जीव खालीवर होत होता. जळो ती रीत, पाज बाई, असं त्यांनी हात जोडून सांगून पाहिलं. सून ढिम्म. नवल सिस्टरांचं. पहिल्या तासातच पाजा म्हणून घरोघर बजावणाऱ्या सिस्टर आज नुसत्या वही उघडून बसल्या होत्या. वर म्हणाल्या, मुलीला फोन तरी लावा.

दोन वर्षांत जे धाडस झालं नव्हतं ते कुसुमताईंनी केलं. "वैशाली, लेकरू उपाशी हाय गं. तू आल्याबिगर पाजंना ती."

पलीकडून फोन ठेवला गेला. पण वीस मिनिटांत वैशाली दारात उभी. घामाघूम, बोटांना कणीक तशीच. तिने हात धुतले, पाणी कोमट केलं, उशा लावून भावजयीला नीट बसवलं आणि हलक्या हाताने धुवून, पुसून दिलं. बाळ चुटुचुटु पिऊ लागलं तशी वैशालीच हमसून हमसून रडायला लागली. इतका मान ठेवलास गं माझा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. भाग्यलक्ष्मीने तिचा हात धरून ठेवला. लेक परत आली होती. कुसुमताईंनी देवाचे आभार मानले, आणि त्या तांब्याभर पाण्याचेही.

वैशाली नवऱ्याला फोन करायला बाहेर गेली. सिस्टरांनी पेन काढलं. पहिलं दूध किती वाजता?

"साडेबाराला," कुसुमताई म्हणाल्या.

"दहा वीस," भाग्यलक्ष्मी हळूच म्हणाली. "लेबर रूममध्येच, आई. सिस्टर होत्या ना."

सिस्टरांनी मान वर न करता तेच लिहून घेतलं.  कुसुमताईंनी उठून आधी दार लोटून घेतलं, आणि बाळाची काढायची दृष्ट सुनेचीच काढली.