मांडीवर चपला

१९८७ साली शिंदखेड्याच्या टॉकीजमध्ये जुन्या काळातल्या आरमाराचा सिनेमा लागला होता आणि मी तिथे डोअरकीपर होतो. आमच्याकडच्या निम्म्या लोकांनी समुद्र कधी पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे दुपारी तीनच्या खेळालाही गर्दी उसळायची. तोफ धडाडली की शिट्ट्या, जहाज फुटलं की पडद्यावर चिल्लरचा पाऊस.

फक्त पितांबर आबा गप्प होते. धरणग्रस्तांच्या वसाहतीतून आलेले हे म्हातारे पहिल्या सीनपासून पाय खुर्चीवर घेऊन, चपला मांडीवर धरून बसले होते. मला हसूच आलं. जवळ जाऊन म्हटलं, "आबा, पाय खाले सोडा ना. पानी पडदावर शे, आठे येत नही."

त्यांनी चपला आणखी घट्ट धरल्या.

खेळ सुटला. बाहेर पानटपरीवर लोक हवेतच तलवारी फिरवत होते, सिनेमातल्या कप्तानासारखे ओरडत होते. आत आबा एकटेच, रिकाम्या पडद्याकडे बघत बसलेले. मी विचारलं, "काय आबा, आवडना का सिनेमा?"

त्यांनी माझं मनगट धरलं. कोणी ऐकू नये अशा आवाजात म्हणाले,



"भाऊ, तेवढं बठ्ठं पानी... त्याना खाले कोनं गाव शे?"