उजव्या गालाचं मलम

उजव्या गालाची ट्यूब पुन्हा चपटी झाली होती. सुनेत्राने ती खालून गुंडाळत आणली, जोर लावून पिळली. तोंडाशी नुसती हवा आली. डाव्या गालाची अजून निम्मीसुद्धा संपली नव्हती.

परभणीच्या डॉक्टरांनी मुरमांवर जंतू मारणारी दोन मलमं दिली होती. डाव्या गालाला एरिथ्रोमायसिन, उजव्याला क्लिंडामायसिन. जो गाल आधी साफ होईल, त्याचं मलम पुढे दोन्हीकडे लावायचं. गंगाखेडचे पाहुणे तिला बघून गेले होते. मुलगी पसंत आहे, तेवढा चेहरा निवळू द्या, माघात येऊन सुपारी फोडू, असं म्हणाले होते. त्यांची पाठ वळताच माय फणकारली होती, "पोरगी बघायला आले का बाजारात म्हैस?"

सुनेत्राला आता तेच आठवलं. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळं बंद होतं. राणीसावरगावात एसटी येत नव्हती. नवी ट्यूब आणणार कुठून? रिकामी ट्यूब मुठीत धरून ती चुलीपाशी गेली.

माय भाकरी थापत होती, एकट्या डाव्या हाताने. उजवा हात तिने अंगाशी आखडून धरला होता. हल्ली ती ऐन थंडीत बाहेर परसात निजायची. घरात उकडतं, म्हणायची.

"माय, माझं मलम कोण घ्यायलंय?"

"कोण घेतंय? तूच थापतीस भाकरीवानी."

"तू फेकायलीस. तुला हे लगीनच मोडायचंय!"

मायचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपू लागली, तरी तिने ती उलटली नाही.

"मोडायचं असतं तर कवाच बोंबलले असते," ती म्हणाली. "माघापस्तोर कुणाला सांगू नको, बाई. माझं कळलं तर पाहुणे उंबऱ्याला बी शिवायचे न्हाईत."

"काय कळलं तर?"

मायने मान वर केली नाही. पिठाच्याच हाताने पदर छातीवर गच्च ओढून घेतला.

"एसटी चालू झाली की उजव्या गालाचंच आण. डावं बी लावून बघितलं मी. गाठ फुटलीय, त्यानं जखमेचा वास जात न्हाई."