आरशामागची ट्यूब

मशीनवर बसून बसून शिंपीभाऊंना मूळव्याध जडली. दुखणं असं, की बायकोलाही सांगायची चोरी. औषधांच्या दुकानातून आणलेलं मलम त्यांनी बाथरूममध्ये आरशामागे दडवलं.

महिनाभर पुरणारी ट्यूब पंधरा दिवसांत संपायला लागली, तेव्हा ते मनाशीच हसले. म्हणजे हिलाही तेच. ती संकोचायला नको म्हणून एका शब्दाने न विचारता ते वर्षभर दोन ट्यूबा ठेवत राहिले.

"शौचातून रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरीणबाईंनी बायकोला तपासून विचारलं.

"असेल आठवडा."

"कॅन्सरची गाठ आठवड्यात एवढी होत नाही, मावशी. घरात कुणालाच कसं कळलं नाही?"


शिंपीभाऊ बाजूलाच बसले होते. खिशात या महिन्याच्या दोन ट्यूबा होत्या.