रॉकेटच्या टोपीवरची थाप

"बाबा, ढोल न्हाई हा. रॉकेटची टोपी हाये."

वॉचमनचा आवाज ऐकून भुजंगरावांनी बोटं मागं घेतली. जालन्याच्या त्या लहानशा अवकाश संग्रहालयात दुपारचं दुसरं कुणी नव्हतं. समोर रॉकेटच्या टोकावर बसणाऱ्या टोपीचा एक पुरुषभर उंचीचा तुकडा उभा होता आणि शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी. पाटी त्यांना दिसली नव्हती. तुकडाही दिसला नव्हता. सुनेच्या खांद्यावरून हात निसटला, बोटं कशाला तरी लागली आणि सवयीनं दोन थापा पडल्या, एवढंच.

"ढोल म्या वाजवत न्हाई," ते म्हणाले. "पखवाज वाजवतो." मग जरा थांबून, "वाजवायचो."

खिडकीजवळच्या खुर्चीतून एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. मुकुंदराव. पस्तीस वर्षं रॉकेटच्या कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्त होऊन इथल्याच मस्तगड भागातल्या घरी परतल्यापासून रोज इथं येऊन बसायचे, आलेल्या-गेलेल्याला समजावून सांगायचे.

"वाजवायचो म्हणजे? आता का नाही?"

उत्तर सुनेनं, बेबीनंदानं दिलं. "डोळ्याच्या दवाखान्यातून आलो साहेब. गेली ती नजर आता येत न्हाई म्हणले डॉक्टर. राजूरच्या गाडीला टाइम हाये, म्हणून हितं सावलीला आणलं. सोमवारी गावात सप्ताह बसतोय. चाळीस वर्सं ह्यांचाच पखवाज, अन् आता म्हणतेत दुसरा माणूस बघा. माझं ऐकून न्हाई राह्यले."

"ऐकायचं काय त्यात?" भुजंगराव शांतपणे म्हणाले. "कीर्तनात पखवाजवाल्याची नजर महाराजांच्या हातावर लागती. हात वर गेला की ठेका थांबला पायजे. खाली आला की बराबर उचलला पायजे. मला हातच दिसत न्हाई. नाम चालू असताना मधीच माझी थाप पडली तर? लोक काई म्हणायचे न्हाईत. महाराज बी न्हाई. पण देवाम्होरं चुकायचं कसं?"

मुकुंदरावांनी पुढं होऊन पाटी उचलली आणि भिंतीकडं तोंड करून ठेवली.

"साहेब, तुम्हीच लावली ना ती?" वॉचमन म्हणाला.

"म्हणून तर मी फिरवली. वाजवा बाबा. खालपासून वरपर्यंत सगळा वाजवा, आणि काय ऐकू येतं ते सांगा."

भुजंगरावांनी आधी तुकड्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग कान जवळ नेला आणि बोटानं वाजवत निघाले. एक वीत, मग दुसरी. आवाज एकसारखा, कोरडा, हलका. कमरेच्या उंचीवर ते थांबले. मागं आले. पुन्हा वाजवलं.

"हितं आत सुटलंय. वरून धड हाये, पण आतून सुटलंय. पखवाजाच्या तोंडावरची काळी शाई उखडाया लागली की असाच बोलतो."

"मामा," बेबीनंदा हळूच म्हणाली, "तुमचं बोट हाये ना, तितं लाल गोल काढलाय."

"तो मी काढलाय," मुकुंदराव म्हणाले. "बावीस वर्षांपूर्वी. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर दोन्ही बाजूंनी पातळ थर चिकटवतात. थर कुठं सुटला तर वरून दिसत नाही. म्हणून आम्ही लहान हातोडीनं बोट-बोट अंतरावर ठोकायचो आणि ऐकायचो. हा तुकडा नापास झाला. वर गेला असता तर जालन्याला कशाला आला असता?"

"तुमाला लगेच कळायचं?"

"कुठलं हो. तुम्हाला एका फेरीत सापडलं, मला अख्खा दिवस लागला होता. डोळे उघडे असले की माझं लक्षच लागायचं नाही. शेवटी डोळ्यांवर रुमाल बांधून ठोकायला लागलो. सगळे हसायचे. आंधळी कोशिंबीर खेळतो म्हणायचे."

वॉचमन हसला. भुजंगराव हसले नाहीत. त्यांचा तळहात त्या गोलावरच राहिला. बेबीनंदानं घड्याळ पाहिलं, पण जल्दी करा असं काही ती म्हणाली नाही. सासऱ्यांचा दुसरा हात मांडीवर हलत होता. अगदी सावकाश, भजनी ठेका धरल्यासारखा.

गाडीची वेळ झाली तेव्हा मुकुंदरावांनी आपला खांदा पुढं केला आणि त्यांना फाटकापर्यंत आणलं.

"सोमवारी मी कीर्तनाला आलो तर चालेल?"

"या की. जेवायलाच या."

भुजंगराव सुनेबरोबर चार पावलं गेले आणि वळले. मुकुंदराव होते त्याच्या थोडं डावीकडं तोंड करून बोलले.

"अन् साहेब, पुढं बसलात तर खोकू नका. हात वर करायच्या आधी महाराज श्वास घेतेत. तेवढा मला ऐकू आला पायजे."